एकोणिसावी जागा

खैरगावच्या विमानतळावरून मुंबईला दिवसाला एकच विमान सुटायचं, आणि त्यात माणसं मावायची एकोणीस. आजाऱ्याच्या भेटीला निघालेल्यांना पहिला मान होता, पण आजारी जिवंत असेपर्यंतच. इस्पितळातली यंत्रं दर मिनिटाला तशी खबर इकडे धाडत.

प्रतीक्षायादीत पहिली असलेली वासंती ढमाले सकाळपासून एकोणिसाव्या जागेच्या अनंतराव हुपरीकरांना खेटून बसली होती. तिचा भाऊ अत्यवस्थ होता, त्यांची बहीण.

"आता कसं आहे हो काका त्यांचं?" तिनं चौथ्यांदा विचारलं.

"तग धरून आहे. माझ्या हातचं गंगाजल घेतल्याशिवाय जायची नाही ती." म्हाताऱ्यानं कौतुकानं खिशातली बाटली चाचपली.

वासंतीनं गंगाजल मुद्दामच आणलं नव्हतं. आणलं की आशा सोडल्यासारखं होतं. तिनं डोळे मिटले आणि त्या बहिणीला लवकर सोडव म्हणून देवाला विनवलं.

विमानाचं दार उघडता उघडता फलकावरचं अनंतरावांचं नाव पुसलं गेलं आणि तिथं तिचं उमटलं.

"काका, ताई गेल्या तुमच्या," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "अंत्यविधीला विमान नाही मिळत. बसनं जा."

वासंतीची पिशवी तोवर खांद्यावर चढली होती. "वाईट झालं हो," म्हणत ती दाराकडे पळाली.

"अहो ताई, थांबा!" अनंतराव धापा टाकत मागून आले आणि त्यांनी ती बाटली तिच्या मुठीत कोंबली.

"माझी तर गेली. निदान तुमच्या भावाच्या तोंडात तरी वेळेवर पडू दे."