सवयीचा ठोका

रात्रीच्या विनोदी कार्यक्रमात मी ड्रम वाजवायचो. विनोद संपला की मी ठोका द्यायचा आणि लोकांनी हसायचं, एवढंच माझं काम. एकदा थेट प्रक्षेपणात एक गायिका माइकपाशी आली नि म्हणाली, "आत्ताच आईला स्मशानात पोचवून आलेय. हे गाणं तिच्यासाठी." वाक्य संपलं आणि माझ्या मेल्या हातांनी सवयीने ठोका दिला. सगळं सभागृह खो खो हसलं. ती तशीच गायली.

चॅनेलवाल्या निर्लज्जांनी तो हशा दहा वर्षं पुन्हा पुन्हा दाखवला. यंदा 'अविस्मरणीय गाणी' म्हणून आम्हा दोघांना परत बोलावलं.

मेकअपच्या खोलीत माझी मान वर होईना. तीच म्हणाली, "दादा, माफीबिफी राहू द्या. आज फक्त हात आवरा. माझी आई गेली, हे लोकांना एकदा तरी गप्प बसून ऐकू दे."

ती माइकपाशी गेली. "त्या रात्री मी आईला पोचवून आले होते," ती म्हणाली. मी दोन्ही काठ्या मांडीखाली दाबून बसलो होतो. ठोका पडलाच नाही.


लोक तरीही हसले.