डोक्यामागचा मुखवटा

मुलांच्या पुस्तकांची हस्तलिखितं निवडून प्रकाशकांपर्यंत पोचवणं हे रंजीताचं काम. नव्या लेखकांना ती सांगायची, “जगल्याशिवाय सुचणार नाही असा एक तपशील द्या.” आज तो होस्टेलपासूनच्या मैत्रिणीच्या, रिनाच्या गोष्टीत सापडला. मोहफुलं वेचताना वाघ पाठीमागून येऊ नये म्हणून बाप डोक्यामागे बांधायचा तो माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा लेकीने खेळायला लपवला, आणि बाप तसाच जंगलात गेला. आपल्या बाबांना वाघाने नेलं ते आपण मुखवटा लपवल्यामुळे, हे रंजीताने फक्त रिनाला सांगितलं होतं. तिने रिनाला फोन लावला. “कोनालेच सांगनार नाई म्हनली होती ना तू?” “तुझं नाव कुठी टाकलं? अन् जगलेलं तर तुलेच पाह्यजे असते,” रिना हसली. “शेवट वाच ना, लेकरांसाठी गोड केला.” रंजीताने पान उलटलं. गोष्टीतला बाप संध्याकाळी मोहाची टोपली घेऊन परतला होता. लेकीला रागावलाही नव्हता.