डाव्या चाकातला टक्

मुलीची भुवई वर गेली, की बाबा म्हणत, "हा बघ, आला टक्."

आणि टक् खरोखरच आलेला असे. गाडी बाबा चालवायचे, मुलगी शेजारच्या सीटवर, तिची उजवी भुवई त्यांच्याच बाजूला. एक डोळा रस्त्यावर, एक भुवईवर. उभा जन्म छापखान्यात काढलेल्या माणसाला ते जड नव्हतं. तिथे ते मशीनला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचे आणि कोणता रूळ कोरडा पडलाय ते सांगायचे. बाबांचा कान म्हणजे बाबांचा कान, असं घरात अजून बोललं जाई. त्याच मशीनांनी तो कान हळूहळू खाल्ला होता, हे मात्र बोललं जात नसे, कारण ते एकट्या बाबांना ठाऊक होतं. समोरासमोरचं बोलणं समजायचं. बारीक आवाज कधीच घर सोडून गेले होते.

मध्यंतरी मागून अँब्युलन्स कोकलत आली आणि बाबांनी वाट दिली नाही. त्या संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, किल्ली आता माझ्याकडे राहू दे." बाबांनी किल्ली दिली नाही. मग थोड्याच दिवसांत तिला गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात काहीतरी टकटकताना ऐकू आलं. पेट्रोलच्या गाडीत असलं काही इंजिनाच्या आवाजात खपून जातं. ही विजेवरची, हिच्या पोटात काही राहत नाही.

"तुम्हाला येतंय का ऐकू?" तिने भुवई उडवून विचारलं.

"केव्हाचं," बाबा म्हणाले.

किल्लीचा विषय तिथेच मिटला. गाडीचं दुखणं बाबांना औषधासारखं लागू पडलं होतं. आज गॅरेजमध्ये ते औषध बंद व्हायचं होतं. पण तोवर कानाचं प्रमाणपत्र मिळून जाईल, असा त्यांचा हिशेब.

मेकॅनिकने त्या हिशेबात पहिल्याच फटक्याला पाचर मारली. "काका, तुम्ही चालवा. मी पुढे बसतो. ताई, तुम्ही जरा मागे."

बाबांनी पट्टा लावला, सीट सारखी केली. मग मधला आरसा फिरवत राहिले, त्यातली मागची काच जाऊन मुलीचं कपाळ येईपर्यंत.

"मागे घ्या... आता पुढे."

आरशात भुवई उडाली.

"आला," बाबा म्हणाले.

"काका, माझ्या आधी पकडलात," मेकॅनिक हसला. "इथे कामाला या. आमच्याकडे कान असलेला माणूस नाही."

"पगार परवडणार नाही तुम्हाला," बाबा म्हणाले. मुलगी मागे हसली. आरशात तेही दिसलं.

गाडी वर चढवून मेकॅनिकने चाक वरखाली, आडवं हलवून पाहिलं. टायरच्या खाचांत खडा नव्हता, बेअरिंग ढिलं नव्हतं. चाकाच्या मध्यावरचं झाकण काढून तो आत डोकावला आणि तिथूनच काहीतरी बोलला. तो तोंड वळवेपर्यंत बाबा थांबले.

"मी म्हटलं, दाते कोरडे पडलेत," मेकॅनिक वळून म्हणाला. "मोटरचा दांडा इथे दात्यांनी चाकात बसतो. मागेपुढे केलं की मोटर एकदम जोर लावते आणि दाते जागा बदलतात. तोच तुमचा टक्. साफ करतो, ग्रीस भरतो, नवीन नट लावतो."

"मला वाटलंच होतं," बाबा म्हणाले. आणि हे खरं होतं. कोरड्या पडलेल्या गोष्टींबद्दल त्यांना अजून बरंच काही वाटत असे.

काम झालं. नट शेवटी लांब पान्याने आवळला. "पुन्हा एक चक्कर," मेकॅनिक म्हणाला. "तसेच बसा सगळे."

बाबांनी गाडी मागे घेतली. थांबवली. पुढे काढली.

आरशात भुवई वर गेली. दोन्ही भुवया गेल्या.

"अजून आहे हो," बाबा म्हणाले. त्यांना जरा हायसंच वाटलं. "पुरता गेला नाही."

मेकॅनिकने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, चेष्टा करता? साफ गेलाय. ताई, तुम्ही सांगा."

आवाज गेला म्हणूनच तिच्या भुवया वर गेल्या होत्या. त्या आता खाली आल्या, आणि त्यांच्याखालचे डोळे आरशात वर आले. आरशात ना मागचं फाटक होतं ना रस्ता. बाबांचे डोळे तेवढे होते, तिच्या कपाळावर लागलेले.

"मी फाटक उघडतो," म्हणून मेकॅनिक उतरला.

बाबांनी पट्टा काढला. खिशातली किल्ली दोन सीटच्या मधल्या खाचेत ठेवली, खाली उतरले आणि मागचं दार उघडून धरलं.

"बाबा, अहो, बसा ना. घरी गेल्यावर बोलू."

ती समोर होती, तेव्हा समजलं. पण ते गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. ती पुढे आली, सीट पुढे ओढली, हात स्टिअरिंगवर ठेवले.

"आरसा सारखा करून घे," बाबा समोर बघत म्हणाले. "मी माझ्यापुरता लावला होता."