आमेनच्या आधी

"या वर्षी मला जमायचं नाही," हे वाक्य मावशींनी घरून निघतानाच पाठ केलं होतं. चर्चमागच्या खोलीत संमेलनाच्या तयारीची बैठक भरली तेव्हा ते अगदी ओठांवर होतं. विभागातल्या सगळ्या चर्चच्या मंडळ्या यंदा इथे येणार, दोन दिवस मुक्काम. आणि एवढ्या माणसांच्या जेवणाचा विषय निघाला की सगळ्या माना एकाच खुर्चीकडे वळायच्या. त्या खुर्चीत मावशी. नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आलं होतं. "आई, या वेळी तरी ये," लेक म्हणाली होती. त्यातला तो 'तरी' मावशींच्या काळजात रुतून बसला होता.

"मी काय म्हणते अध्यक्ष, स्वयंपाकाचं या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी..."

"आधी प्रार्थना करू या," अध्यक्ष म्हणाले.

गोड बोलण्यात अध्यक्षांचा हात कोण धरणार! कुणाकडून 'नाही' ऐकायची वेळ आली की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. "हे प्रभू, आमच्या मावशींनी ही सेवा आनंदानं पत्करली, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. त्यांच्या हातांना बळ दे. येशूच्या नावाने मागतो."

मावशींचे डोळे खाडकन उघडले. पण करता काय? चालू प्रार्थनेत मध्येच बोलायची कुणाची छाती आहे? देवाशी बोलणाऱ्या माणसाला 'अहो, थांबा जरा' म्हणायचं तरी कसं? अध्यक्षांनी खणखणीत 'आमेन', म्हणजे 'तसंच होवो', म्हटलं. प्रार्थना स्वतःची असो की दुसऱ्याची, सगळ्यांच्या आधी आमेन म्हणायची त्यांना खोडच होती. मागोमाग बाकीचे म्हणाले आणि, घात असा, की मावशीही म्हणाल्या. जन्माची सवय! जीभ पुढे, अक्कल मागे.

बाहेर चपला घालताना त्यांची मैत्रीण करवादली. ही मैत्रीण म्हणजे शेजारची शिंपीण, स्वयंपाकातला त्यांचा उजवा हात. "अगं, सरळ नाही म्हणायचंस की!"

"कुठल्या तोंडानं? आमेन म्हणून बसले ना मी!"

माणसाला दिलेला शब्द एक वेळ फिरवता येतो. हा शब्द कुणाला दिला होता ते दोघींनाही ठाऊक होतं.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मावशी रात्रीच्या जेवणाचे बटाटे सोलत होत्या. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. दार एकच, तेही सभागृहात, थेट व्यासपीठाशेजारी उघडणारं. चुलींची धग आत कोंडली होती आणि गळ्यात दोरीला बांधलेली कोठीची किल्ली घामानं छातीला चिकटली होती.

"आई, दवाखान्यात नेतायत मला," लेकीचा आवाज कापत होता. "तू... तू नाही आलीस तरी चालेल गं."

"बरं," मावशी म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी पुन्हा सुरी उचलली आणि हातातला बटाटा सोलत सोलत पार सुपारीएवढा करून टाकला.

शिंपिणीनं तो हातातून काढून घेतला. "तू ऊठ. संध्याकाळची बस आहे ना? जा."

"कुठून जाऊ? त्या सगळ्यांच्या देखत? 'देवाला हो म्हणाली आणि पळाली', हेच जन्मभर ऐकायचं ना मग?" मावशींना आता रडू आवरेना. "तिकडे पोर एकटी आहे गं माझी."

तेवढ्यात बाहेर कर्णा खरखरला. अध्यक्षांचा आवाज. "आणि आता ज्यांच्या हातचं आपण दोन दिवस जेवतोय, त्या आपल्या मावशी, बायबलातल्या मार्थेसारख्या राबणाऱ्या! मावशी, या, या, पुढे या. आजच्या या सत्राची शेवटची प्रार्थना तुम्हीच करायची!"

टाळ्या सुरू झाल्या. आता लपायलाही जागा उरली नाही. मावशी एप्रनला डोळे पुसत व्यासपीठावर चढल्या. समोर खच्चून भरलेलं सभागृह, शेजारी हात जोडून उभे अध्यक्ष. उभ्या जन्मात त्या कधी माइकसमोर बोलल्या नव्हत्या. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या, आणि एकदम शांत झालं.

प्रार्थनेत मध्ये कुणी बोलत नाही, हे मावशींना तेव्हा आठवलं.

"हे प्रभू," त्या म्हणाल्या. "आमच्या अध्यक्षांनी मला आत्ताच्या आत्ता माझ्या लेकीकडे जायला आनंदानं मोकळं केलं, म्हणून मी तुझे आभार मानते."

कुठेतरी एक खुर्ची करकरली. मावशींनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"रात्रीचा स्वयंपाक आणि सगळी भांडी त्यांनी स्वतः पत्करली, म्हणूनही आभार. त्यांच्या हातांना बळ दे. येशूच्या नावाने मागते."

"आमेन!"

खणखणीत, सगळ्यांच्या आधी. मागोमाग अख्खं सभागृह म्हणालं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून शिंपीण सगळ्यांत मोठ्यानं.

अध्यक्षांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. तोंडही आमेनपुरतं उघडलं होतं, ते मिटायचं राहून गेलं होतं. मावशींनी गळ्यातली किल्ली काढली आणि तिची दोरी त्या जोडलेल्या हातांवर अडकवली.

"बटाटे सोलून ठेवलेत," त्या म्हणाल्या. "मीठ तेवढं बेतानं घाला."