तोडलेला हशा

पडद्यावर भाऊसाहेब मरत होते आणि प्रीमियरला जमलेलं अख्खं थिएटर डोळे पुसत होतं. मुरारीच्या शेजारच्या खुर्चीत खुद्द भाऊसाहेब तृप्त चेहऱ्याने बसले होते. तो मात्र दबा धरून बसला होता.

पूर्वी नाटकात भाऊसाहेब नायक असायचे आणि मुरारी त्यांचा विनोदी गडी. मुरारीच्या वाक्याला हशा उसळला रे उसळला, की भाऊसाहेब पुढचं वाक्य ठोकून तो तोडायचे. मुरारीने एकदा मेकअप रूममध्ये हात जोडले होते, "भाऊसाहेब, लोकांचं हसून होऊ द्या हो, मग बोला."

"लोक मला बघायला येतात, गड्याला नाही," भाऊसाहेब आरशात बघतच म्हणाले होते.

आज मुरारी सिनेमाचा नायक होता. सिनेमातल्या आपल्या बापाची भूमिका त्याने हट्ट धरून भाऊसाहेबांनाच देववली होती.

पडद्यावरचा बाप डोळे मिटून, कापऱ्या आवाजात शेवटचं बोलू लागला. तेवढ्यात उशाशी बसलेल्या मुरारीने हुंदका दिला, बापाच्याच पांघरुणाचं टोक ओढलं आणि त्यात फर्रकन नाक शिंकरलं. शूटिंगला दिग्दर्शकाला ते फार खरं वाटलं होतं.

थिएटर हसून लोळायला लागलं. भाऊसाहेबांचा एक शब्द कुणाला ऐकू जाईना.

"हरामखोरा, माझ्या मरणाचा तू..." भाऊसाहेब खुर्चीतून फुत्कारले.

मुरारीने त्यांच्या गुडघ्यावर अदबीने हात ठेवला.

"थांबा, भाऊसाहेब. लोकांचं हसून होऊ द्या, मग बोला."