मेकॅनिकची आई

अंतराळयानाची ती मालिका सुरू होऊन अकरा वर्षं झाली, आणि अकराही वर्षं हा नट कॅप्टनच्या मागे हातात पाना घेऊन उभा होता. वाक्य एकच, "इंजिन तापलंय, सर." ना नाव, ना गाव. टायटल्समध्ये नुसताच 'मेकॅनिक २'. मेकॅनिक १ कोण, हे लेखकालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी त्यानं लेखकाला कँटीनमध्ये गाठलं. "अहो, यंत्रमानवालासुद्धा लहानपण दिलंत तुम्ही. मी काय आभाळातून पडलोय? निदान एक आई तरी द्या."

लेखकाला पाझर फुटला. पुढच्या भागाची चक्क नऊ पानं याच्या वाट्याला आली. नाव मिळालं, वाट बघणारी म्हातारी आई मिळाली, निवृत्तीनंतर छोटंसं घर बांधायचं स्वप्नसुद्धा मिळालं. घरी येऊन बूटही न काढता तो बायकोला वाचून दाखवायला लागला, आणि आठव्या पानावर डोळे पुसायला थांबला.

बायकोनं मालिकेचा एकही भाग चुकवला नव्हता. चादरीची घडी घालता घालता ती म्हणाली,

"अहो, आजवर या मालिकेत ज्याला ज्याला आई आठवली, तो त्याच भागात गेला. आता नववं पान वाचा."