रविवारची किक

हे लिहिणारच नव्हतो, पण डोक्यातून जाईना.

वडील गेल्यावर नोकरीसाठी बाहेर पडताना आमच्या शेजारच्या एका मुलाने त्यांची जुनी मोटरसायकल मित्राच्या हवाली केली. "दर रविवारी एकदा सुरू कर, बाकी काही नको." वर्षाने परतला, तर गाडी ढिम्म. झाकण काढलं, तर ठिणगी पाडणारे पॉइंट गंजून गेलेले.

फाटकाबाहेर बसून तो पॉलिश पेपरने पॉइंट घासत होता आणि मित्राची सालटी काढत होता. "आठवड्याला एक किक रे. पाय मोडले होते का तुझे? आणि फोनवर वर तोंड करून सांगायचास, गाडी मस्त आहे म्हणून. आता का मिठाची गुळणी धरलीस?"

तिसऱ्या किकला गाडी धडधडली. आतून आई पिठाच्या हातांनी धावत आली, वडील यायचे तेव्हा उघडायची तसं फाटक सताड उघडलं, आणि सीटवर त्याला बघून थबकली. मागे वळून आत गेली.

"पहिल्या रविवारी काकू अशाच आल्या होत्या," मित्र म्हणाला. "परत नाही जमलं मला."

त्याने गाडी बंद केली.

"यापुढे कोपऱ्यापर्यंत ढकलत नेईन," तो म्हणाला. "सुरू तिथेच करीन. शब्द देतो तुला."